पडवीतला कप आणि 'वॉश अप'

घरातला पुरुष जेवून उठला की त्याच्या ताटाचे पुढे काय होते, हे तुम्ही कधी थांबून पाहिले आहे काय? मी बावीस वर्षांचा होईपर्यंत पाहिले नव्हते. वाचले मात्र पुष्कळ होते. वडील मुंबईहून येताना शिवाशिवीविरुद्धची पत्रके गठ्ठ्याने आणत, आणि मी ती पाठ करून आळीत वाद घालीत असे.

उशिराने मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो तेव्हाची, चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या आळीत सरपण घालणारा एक म्हातारा होता; ज्यांना आपण अस्पृश्य म्हणतो त्यांच्यापैकी. त्याचा तरणा मुलगा माझ्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागला. त्याचा मामा मुंबईस एका साहेबाच्या बंगल्यावर बटलर होता, आणि तिथे महिन्याभराने भांडी धुणाऱ्याची जागा रिकामी होणार होती. बाईसाहेब इंग्रजीतच हुकूम सोडीत. तो कळला तर जागा याची, नाहीतर दुसऱ्याची. मी त्याला अंगणात न बसवता पडवीत बसवले आणि या धाडसावर एका साप्ताहिकात दीड रकाना लिहिलाही.

त्या दुपारी धडा 'वॉश अप'चा होता.

"जेवणे झाल्यावर बशा-पेले धुणे," मी सांगितले. मग कोशात पाहून म्हणालो, "अमेरिकन माणूस म्हणाला तर हाततोंड धुणे. आणि लाटेने आपल्या मांडवीच्या किनाऱ्यावर ओंडका आणून टाकला, तर तिथेही हेच."

"म्हंजे बशी, साहेबाचा तोंड नि ओंडका, सगल्यांना एकच शब्द? बाय म्हनली वॉश अप, तर मी करू काय?"

"बंगला इंग्रजाचा आहे. तू बशा धू."

"ता तर ठरलेलाच हाय, मास्तर."

मला चेव आला. "तसे नाही. आपल्याकडे खाणाऱ्याने नुसते आचवायचे, भांडी दुसऱ्याने घासायची. या शब्दात माणूस ठरलेला नाही. पुस्तकात वाक्यच आहे: बाप वॉश अप करतो, आई वाचत बसते."

"कुनाचा बाप?"

"इंग्रजाचा."

"मग माझा मामा तिथं काय करतो?"

मी कोश मिटला. तो चहा संपवून उठला. त्याचा कान तुटलेला कप पडवीच्या कोनाड्यात वेगळा असे. आई त्यात वरून चहा ओती. पिऊन झाले की तो कप घेऊन अंगणाच्या कडेला जाई, मी तांब्याने वरून पाणी सोडी, तो कप विसळी आणि कोनाड्यात पालथा घाली. पंधरा दिवस मीच पाणी ओतीत होतो आणि मला त्यात काही दिसले नव्हते. त्या दिवशी ओतता ओतता हात थांबला. 'या शब्दात माणूस ठरलेला नाही' असे मीच नुकते म्हणालो होतो.

कप मी त्याच्या हातातून ओढून घेतला. "दे इकडे. मी धुतो."

"नको मास्तर. नको हो."

मी धुतला. वर शेजारच्या ओट्यांवर ऐकू जाईल असा ओरडलो, "या, बघा! याची उष्टी मी काढतो आहे!"

तो चार पावले मागे सरून मान खाली घालून उभा राहिला. आई दारातून म्हणाली, "धुतलास तर धुतलास. दवंडी कशाला पिटतोस?"

दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी मी त्यांच्या वस्तीत गेलो. तो बाहेर आला. मला आत बोलावले नाही.

"कप तुमी धुतलात, नि आळीतला सरपन आमचा बंद झाला. बापाला घराघरांतून सांगितलानी, येऊ नको."

"मी त्यांना जाब विचारतो!"

"आता तरी गप ऱ्हावा, मास्तर. मना इचारलात काय, धुऊ काय म्हनून?"

विचारले नव्हते. पण विचारले असते तरी तो नकोच म्हणाला असता, म्हणाला होताच. मग कप कोनाड्यात राहू द्यायचा होता काय? धुतला हे चुकले, की ओरडलो हे चुकले? तो विसळीत होता तेव्हा अपमान त्याचा होत होता, आणि मी विसळला तेव्हा पोट त्याच्या बापाचे मारले गेले. सगळी पत्रके पुन्हा काढून वाचली. त्यांत हे कुठेच नव्हते.

अर्ध्या धड्यांवरच तो बोटीने मुंबईस गेला. जागा मिळाली की नाही, मला कळले नाही. म्हातारा मला पाहून वाट बदलतो. आमच्याकडे आता दुसराच माणूस सरपण घालतो, आणि त्यावर शिजलेला भात मी रोज जेवतो.

म्हणून एवढेच करा. तुमच्या आळीत सरपण, गवत, टोपल्या घेऊन येणारे एखादे माणूस यायचे थांबले असेल, तर या आठवड्यात त्याच्या दारी जा. का थांबले ते विचारा. आणि ते सांगत असताना मध्ये बोलू नका.