मंगलताईची खरी वाक्यं

दवाखान्यातून दाजींचा फोन आला तेव्हा मी निघोज्याच्या स्टॉपवर कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते. "तुमची ताई गेली," एवढंच ते म्हणाले, आणि पुढं काय बोलावं ते सुचेना म्हणून, "कामावर चाललाय का?" असं विचारलं. मी हो म्हटलं. बस आली, मी चढलेसुद्धा, आणि दोन स्टॉप गेल्यावर लक्षात आलं की मला उलट्या दिशेला, पिंपरीला जायचंय... त्याला आता सव्वा महिना होऊन गेला.

मंगलताई जालन्याकडची. बारावीनंतर लग्न, मग नवऱ्यामागं चाकणला. गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या आमच्या कंपनीत ती लाइनवर होती, मी क्वालिटीत. दोघींच्या खोल्या एकाच चाळीत, मधे एक भिंत. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. वडील आयुष्यभर कारखान्यात प्रेस मशीनवर उभे राहिले. याचा मला अभिमान होता, अजूनही आहे, आणि तो चेहऱ्यावर दिसायचा म्हणे. म्हणून ताईनं माझं नाव 'कॉलेज' ठेवलं. "ए कॉलेज, चहा घेती का?"

तिलाही माल तपासणारी इन्स्पेक्टर व्हायचं होतं. हात चलाख, नजर माझ्याहून तेज. पण माल का नाकारला याचा रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो, तिथं घोडं अडलेलं. ओके, रिजेक्ट, पेंडिंग हे तर इथं कॅन्टीनच्या मावशीही बोलतात. ताईला त्याच्या पुढचे शब्द हवे होते. मग आमचं ठरलं: रोज एक शब्द, त्याचा अर्थ आणि त्यावर एक वाक्य. मी शब्द द्यायचा, तिनं वहीत लिहायचं, रविवारी मी लाल पेनानं तपासायचं.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. 'जनरस' या शब्दासाठी मी पुस्तकातलं वाक्य दिलं, राजा उदार होता. ताईनं वही मिटली.

"कुठला राजा? तू बघितलास का त्याला?"

"अगं, उदाहरण असतं ते."

"मग खरं उदाहरण दे. खोटं वाक्य माझ्या डोक्यात ऱ्हाईना गेलंय."

तेव्हापासून नियम तिचा: आपल्या बाबतीत घडलंय तेच लिहायचं. उदार राजा गेला आणि त्याच्या जागी शेजारच्या लाइनवरची लता आली, जिनं गावाकडनं आणलेलं लोणचं अख्ख्या लाइनला वाटलं होतं. अर्थसुद्धा ताई स्वतःच्या भाषेत करायची. 'ॲडिक्वेट' म्हणजे पोट भरंल एवढं, पण डब्यात उरणार नाही. 'टेंटेटिव्ह' म्हणजे पाव्हणे येतो म्हणलेत, पण भात आत्ताच टाकू नको. 'रिलक्टंट'ला तिनं सरळ दाजींकडं बोट दाखवलं. "हे बघ. दळण आणायला पाठवलं की पाय उचलत नाही, असं असतं." दाजी हसत हसत पिशवी शोधायला उठले. मी नंतर डिक्शनरी उघडून पाहिली. ताईचं जास्त नेमकं होतं, पण तसं मी तिला कधी बोलले नाही.

वर्षभरात वाक्यं लांब झाली, आणि ताई खरंच इन्स्पेक्टर झाली. तिचे रिपोर्ट मी वाचलेत; त्यात उगाचचा एक शब्द सापडणार नाही. वही मात्र तिनं सोडली नाही. एका रविवारी शब्द होता 'पर्सिस्टंट', म्हणजे चिवट, न थांबणारं. तिनं लिहिलं होतं, 'माय पेन इज पर्सिस्टंट सिन्स दसरा.' दसऱ्यापासून माझं दुखणं थांबत नाहीये. मी 'इज' खोडून 'हॅज बीन' केलं आणि पान उलटलं. पुढच्या पानावर 'पोस्टपोन': ऑडिट असल्यामुळं मी डॉक्टरकडं जाणं पुढं ढकललं. वाक्यात एकही चूक नव्हती. मी बरोबरची खूण केली, खाली 'व्हेरी गुड' लिहिलं. तिच्या वहीत एकही खोटं वाक्य नसतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी मी क्रियापदंच बघत राहिले...

पोटातली गाठ कळली तेव्हा फार उशीर झाला होता. दवाखान्यात मी तिला विचारलं, "ताई, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "तू टिक केलीस."

आणि हसली. टोमणा नव्हता तो, तिला खरंच गंमत वाटली होती. मला रडू फुटलं तसा तिनं माझा हात धरला. "रडू नको गं कॉलेज. मला तरी कुठं तोंडानं बोलवत होतं? इंग्रजीत लिव्हलं की दुसऱ्याच कुणाचं दुखणं वाटायचं."

तिनं मला माफ केलं होतं, की माफ करण्यासारखं काही घडलंय असंच तिला वाटत नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही.

आता जेवणाच्या सुट्टीत लाइनवरच्या चारजणी माझ्याकडं शब्द शिकायला बसतात. वाक्य खरं घडलेलंच पाहिजे, हा नियम कुणाचा, ते त्या सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात 'नंब' या शब्दावर बीडच्या पूजानं लिहिलं, सकाळी उठल्यावर माझी बोटं सुन्न असतात. मी पेनाला टोपण लावलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून, मॅडम? स्पेलिंग चुकलं का?"

"ते नंतर बघू. बोटं दाखव आधी."