क्लबाचं शेपूट

रविवारी काय करतेस असं कुणी विचारलं, तर नोला गेटनबी सांगायची, "मागे राहते." ऐकणाऱ्याला वाटे, बाई चेष्टा करतेय. पण ते अक्षरशः खरं होतं. टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्या कांद्याबटाट्यांच्या गावात चालणाऱ्यांचा एक क्लब होता. दर रविवारी दहाबारा जण गाड्यांत स्वतःला कोंबून निघायचे, कुठल्या तरी धबधब्यापाशी डबे खायचे आणि उजेड असेतो घरी परतायचे. त्या रांगेच्या सगळ्यात पुढे म्होरक्या असायचा आणि सगळ्यात मागे, गळ्यात शिट्टी अडकवलेलं शेपूट. शेपूट म्हणजे नोला. किती वर्षं, ते क्लबात कुणालाच आठवत नव्हतं. नवीन माणसांना वाटायचं, ती शिट्टीसकटच जन्माला आली असावी.

नोलाची उभी हयात बटाट्यांच्या गोदामात गेली. सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहायचं आणि खराब बटाटा हेरून बाजूला काढायचा. जंगलात ती उलटं करायची. कुणाची चाल बिघडलीय ते पाठीवरून ओळखायची आणि त्या माणसाला बाजूला पडू द्यायची नाही. पुढच्याला धाप लागली की ही वाकून झाडाच्या बुंध्यावरची आळंबी बघायला लागायची. "अगं बाई, हे बघ, केवढं लाल!" मग धाप लागलेला माणूसही थांबायचा, वाकायचा आणि तेवढ्यात त्याचा श्वास जागेवर यायचा. आळंब्यांतलं नोलाला ओ की ठो कळत नव्हतं. तिच्या लेखी त्यांच्या तीनच जाती होत्या: लाल, पिवळी आणि ईऽऽ.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र पुढे कुणी दमलेलं नसतानाही नोला आळंब्या बघायला लागली होती.

उजवा खुबा गेला होता. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, सांधा बदलायला हवा. नोला म्हणाली, बघू. घरी तिचा नवरा रेक्स रोज तेच टुमणं लावायचा.

"सांगून टाक त्यांना एकदा."

"काय सांगू?"

"की तू म्हातारी झालीस."

"ते तुझ्याकडे बघून त्यांना कळतंच की."

पण सांगायचं कसं, हाच तर प्रश्न होता. सगळ्यांच्या शेवटी चालणं हे तिचं काम होतं. मागे पडणं ही निराळी गोष्ट. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, पण आतून त्यात जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि तो फरक इतके महिने फक्त नोलाला माहीत होता. क्लबाचा म्होरक्या ट्रेव्हर बेसेट. शाळेत सुतारकाम शिकवायचा आणि माणसांकडेही रंधा मारायच्या नजरेनं बघायचा. त्याला कळलं असतं तर त्यानं फार प्रेमानं तिची रवानगी बुधवारवाल्यांत केली असती. बुधवारवाले गावातल्या तळ्याला एक चक्कर मारायचे, बदकांना नावं ठेवायचे आणि कॉफी प्यायला बसायचे. नोलानं त्यांची आजवर एवढी टिंगल केली होती, की आता तिथे जाऊन बसणं म्हणजे स्वतःच्याच शिव्या खाणं होतं.

त्या रविवारी सकाळपासून बारीक पाऊस होता. सगळे टोप्या ओढून चालत होते, त्यामुळे नाकाच्या शेंड्यावरून माणूस ओळखायची वेळ आली होती. वाट नेच्याच्या उंच झाडांखालून जात होती. मुळं शेवाळलेली आणि बुटांवर जळवा. नोलाच्या पुढे मर्व्ह डूली होता. मर्व्ह म्हणजे क्लबाचा वाचाळ प्राणी, ढांगा टाकत जायचा आणि स्वतःच्याच विनोदाला स्वतःच हसायचा. पहिल्या चढाला तो दिसत होता, दुसऱ्या चढाला त्याचं हसणं तेवढं ऐकू येत होतं. मग तेही बंद झालं.

नोला एकेक मूळ ओलांडत होती. उजवा पाय उचलायचा म्हणजे आधी त्याची मनधरणी करावी लागे. पुढे फाटा आहे, हे तिला पाठ होतं. तिथे खुंटा असणार, मग घटकाभर टेकता येईल, एवढ्या आशेवर ती ओढत होती.

खुंटा म्हणजे माणूसच. वाटेला फाटा आला की म्होरक्या आपल्या मागच्या माणसाला तिथे उभं करायचा. शेपूट येईपर्यंत त्यानं जागचं हलायचं नाही. पाऊस असो, जळवा असोत, शेपूट दिसलं की मगच सुटका. या नियमामुळे क्लबानं आजवर एकही माणूस हरवला नव्हता. नोलाला तर नियमाहून त्या क्षणाचीच गोडी होती. वळणावरून आपण दिसलो की उभ्या माणसाचा चेहरा जो उजळतो, तो तिला दर रविवारी दोनतीनदा फुकट बघायला मिळायचा.

फाटा आला. फाट्यावर कुणी नव्हतं.

चिखलात ताज्या बुटांचे ठसे होते. कुणीतरी बराच वेळ उभं राहून गेलं होतं. नोला पडलेल्या ओंडक्यावर बसली. रस्ता चुकायचा प्रश्नच नव्हता. डावी वाट धबधब्याच्या पायथ्याशी जाते आणि उजवी माथ्यावर, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण फाटा रिकामा दिसला तर पाऊलही टाकायचं नाही, तीनदा शिट्टी फुंकायची आणि बसून राहायचं, हे प्रत्येक नव्या माणसाला तिनंच शिकवलं होतं.

तिनं शिट्टी ओठांशी नेली, आणि खाली सोडली.

शिट्टी वाजली की सगळे धावत येणार आणि विचारणार, काय झालं? मग काय सांगायचं? तिच्या मनात आणखीही एक आलं. कदाचित चूक झालीच नसेल. त्यांनी ठरवूनच टाकलं असेल, की हिला आता काय मोजायचं. पावसात माणसाच्या मनात वाकडंच येतं. ती तशीच बसून राहिली, खुब्यावर हात ठेवून.

थोड्या वेळानं डावीकडून धपाधप पावलं आली. रोवीना होती. औषधांच्या दुकानात कामाला असलेली, क्लबात दुसऱ्यांदाच आलेली बाई. टोपी मागे पडलेली, केस गालाला चिकटलेले, गुडघ्यापर्यंत चिखल.

"नोला! तू नोलाच ना? बरी आहेस?"

"मी नोलाच आहे. पण तू एवढी पळतेस कशाला? वाघ नाही इथे."

"मी गेले गं तुला सोडून!" रोवीना तिच्यासमोर उकिडवी बसली. "ट्रेव्हर म्हणाला, शेपूट आलं की निघ. पण शेपूट म्हणजे कोण, ते सांगितलंच नाही त्यानं. मर्व्ह आला. मी विचारलं, तूच का शेपूट? तर म्हणतो, 'बायको तरी तसंच म्हणते.' मग मी निघाले त्याच्यामागे."

नोलाला हसू यायला नको होतं, पण आलं. ट्रेव्हरचं बरोबरच होतं. चर्चचा मनोरा कुठला हे जसं गावात कुणी कुणाला सांगत नाही, तसं शेपूट कोण हे सांगायचं असतं, असं क्लबात कुणाच्या डोक्यातच आलं नसतं.

"मग कळलं कसं?"

"तिथे गेल्यावर पाण्याचा एवढा आवाज की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. सगळे डबे उघडत होते. मी सहज म्हटलं, शिट्टी कुणाकडे असते? तर त्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, नोलाकडे, येईलच इतक्यात. डबा तसाच टाकला मी. कुणाला काही न बोलता पळत आले." ती जरा थांबली. "तू कधीची बसलीयस?"

"झाला थोडा वेळ."

"शिट्टी का नाही वाजवलीस?"

रोवीनाची नजर खुब्यावरच्या हाताकडे गेली. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला त्याहून जास्त सांगावं लागत नाही.

"हे बघ," रोवीना हळूच म्हणाली, "कुणालाच कळायची गरज नाही. मी फाट्यावरून हलले, हे मी सांगणार नाही. तू आळंब्या बघत होतीस म्हणून उशीर झाला, असं म्हणू. माझ्या खांद्याला धर, सावकाश जाऊ."

सौदा चांगला होता. दोघींचीही अब्रू झाकली जाणार होती. नोलानं खरोखर खांद्याला हात लावला, उठायलाही लागली. मग तिनं रोवीनाच्या तोंडाकडे पाहिलं. भेदरलेली, ओलीचिंब बाई. क्लबात दुसऱ्याच रविवारी खोटं बोलायला तयार झालेली, आणि तेही आपल्यासाठी.

"नाही गं," नोला पुन्हा खाली बसली. "उद्या मी खरंच कुठे पडले, तर हे लोक म्हणतील, आळंब्या बघत असेल. आणि आरामात केक खात बसतील. कानावर हात ठेव."

तिनं शिट्टी फुंकली. एकदा, दोनदा, तीनदा.

सगळा क्लब आला. ट्रेव्हर सगळ्यात पुढे, हातात प्रथमोपचाराची पेटी. मागे मर्व्ह, एका गालात सँडविच तसंच. चष्मेवाल्या बाई चष्म्याविना. सगळे धापा टाकत गोल उभे राहिले.

"कोण पडलं?" ट्रेव्हरनं विचारलं.

"कुणी नाही," नोला म्हणाली. "मी मागे पडले."

"तू मागेच असतेस."

"असते वेगळं आणि पडले वेगळं. खुबा गेलाय माझा, ट्रेव्हर. हिवाळ्यापासून. आळंब्या बिळंब्या सगळं थोतांड. शेपटाचा पाय सगळ्यांत मंद झाला, की त्याला शेपूट म्हणत नाहीत. ओझं म्हणतात. घे ही शिट्टी."

मग रोवीना म्हणाली, "आणि फाट्यावरून हलले मी. चूक माझी."

"चूक माझी," मर्व्ह म्हणाला. त्याच्या तोंडून विनोदाशिवाय बाहेर पडलेलं ते बहुधा पहिलं वाक्य.

ट्रेव्हरनं पेटी खाली ठेवली. "आम्हाला माहीत होतं, नोला."

"काय माहीत होतं?"

"एका माणसानं एकाच बुंध्यावरची आळंबी किती वेळ बघावी, याला काही सुमार असतो. कसं विचारावं कळत नव्हतं. तू चिडतेस."

"मी कधी चिडते?" नोला चिडून म्हणाली.

तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की सगळ्यांच्या पिशव्या धबधब्यापाशी उघड्यावर राहिल्यात. दोघे पळत गेले आणि तोंडं पाडून परत आले. तिकडचे काळे करावाँग पक्षी चेन उघडण्यात पटाईत. एकही डबा त्यांनी शिल्लक ठेवला नव्हता. चष्मेवाल्या बाईंची अंडी गेली, ट्रेव्हरचा चीज-सँडविचचा अख्खा पुडा गेला. मर्व्हच्या पिशवीतला लोणच्याचा कांदा तेवढा नापसंत करून दगडावर ठेवला होता.

शाबूत पिशवी एकच होती, नोलाची. तिच्यात फळं घातलेला केक होता. त्या चिखलाच्या फाट्यावर, जिथून धबधबा सोडा, आभाळसुद्धा दिसत नव्हतं, क्लबानं बोटाएवढे तुकडे करून तो खाल्ला आणि बुटांवरच्या जळवा काढत आता शेपूट कोण होणार याचा वाद घातला. ट्रेव्हर म्हणाला, मी होतो. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, म्होरक्या शेपूट झाला तर रस्ता कोण दाखवणार, मी होते. रोवीनानंही चाचरत हात वर केला.

"पण बुधवारवाल्यांत मी जाणार नाही," नोला म्हणाली. "डॉक्टर जेव्हा कापेल तेव्हा कापेल. तोवर रविवारीच येणार. जमेल तिथवर चालेन, नाही जमलं तर फाट्यावर बसेन. खुंटा म्हणून तरी चालेन ना?"

"आणि शेपूट कोण?" ट्रेव्हरनं विचारलं.

नोलानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि शिट्टी मर्व्हच्या गळ्यात घातली.

"मी?" मर्व्ह ओरडला. "अगं, मला सावकाश चालताच येत नाही!"

"शिकशील. माझ्या मागे राहायचंय तुला."

परत निघाले तेव्हा पाऊस थांबला होता. रांग पुढे गेली. सगळ्यात मागे मर्व्ह, त्याच्या पुढे नोला. मागून बुटांचा आवाज यायची तिला सवयच नव्हती. चार पावलं गेली की ती बाजूला सरायची, "जा पुढे" म्हणायची.

"शेपूट आहे मी. पुढे कसा जाऊ?"

"हां."

परत चार पावलं, परत बाजूला. मर्व्हही थांबायचा. आधीच पाऊल आवरताना त्याचा जीव जात होता, त्यात हे. शेवटी तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"नोला, अशानं आपण इस्टरला पोचू. मी कुठे जात नाहीये. तू आपली चाल."

ती चालायला लागली. थोड्या अंतरानं तिच्या लक्षात आलं, आपण अजूनही पाय सरळ पडतोय असं दाखवायची धडपड करतोय. मग तिनं ते सोडून दिलं आणि हिवाळ्यापासून पहिल्यांदाच, कुणी बघतंय याची पर्वा न करता, मनसोक्त लंगडली.