बोर्डाच्या काकूंचा निकाल

कादंबरीचा शेवट आधी वाचणारी एवढी एकच बाई मी पाहिली. नवं पुस्तक हातात आलं की काकू ते मागून उघडत, शेवटचं पान वाचत आणि मग चहाच्या कपावर बशी झाकून पहिल्या पानाकडे वळत. "शेवट ठाऊक असला की लेखकाला आपल्याला झुलवता येत नाही," असं त्यांचं म्हणणं. "मग तो नेमकं काय करतोय ते दिसतं." आम्ही बाकीच्या जणी खुशाल झुलत असू आणि त्यांना ते ठाऊक होतं.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. चिंचवडला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर महिला मंडळाचं वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि एक लांब टेबल. घरोघरचे पुरुष कंपनीत, कुणी पहिल्या शिफ्टला तर कुणी दुसऱ्या. दुपारी बायका खाली जमत. मी सकाळच्या शाळेत शिकवायचे, दुपार रिकामी असायची, म्हणून मंडळाचं चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं होतं. पुण्याचा एक पुस्तकविक्रेता दर महिन्याला नव्या पुस्तकांचा गठ्ठा पसंतीसाठी पाठवी. हवी ती ठेवायची, नकोत ती त्याच महिन्यात परत. काय ठेवायचं ते काकू ठरवत, आणि निकाल देताना पास आणि नापास हे दोनच शब्द वापरत. त्यावरून त्यांना सगळे 'बोर्डाच्या काकू' म्हणू लागले. त्यांना हे नाव आवडायचं, पण तसं त्या दाखवत नसत.

पास झालेल्या पुस्तकाला काकू स्वतः कव्हर घालत. काका एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसला होते, तिथली रद्द झालेली ड्रॉइंगं ते घरी आणत. जाड, निळसर कागद आणि त्याला अमोनियाचा उग्र वास. आमच्याकडे त्यामुळे प्रत्येक प्रेमकथेच्या पाठीवर कुठल्यातरी पंपाचा नाहीतर गिअरचा उभा छेद असायचा. एकदा कव्हर चढलं की पुस्तक परत जायचं नाही, असा नियम होता. काकू कागद कापायला बसल्या की आम्ही समजायचो, पुस्तक आलं घरात.

प्रेमाच्या कादंबऱ्यांच्या बाबतीत त्या सर्वांत कडक. "नायकाला बघून हिला घाम फुटला. मग पंखा लावावा, त्याला प्रेम कशाला म्हणायचं?" एक गाजलेली कादंबरी त्यांनी एवढ्याच वाक्यात उडवली होती. डोळ्यांत चंद्र, तारे वगैरे दिसू लागले की त्या पान उलटत. त्यांची खरी परीक्षा एकच होती. पुस्तक मिटून त्या विचारत, "आजारपणाचं प्रकरण कुठंय?" दोघांपैकी एक आडवा पडला, घाण काढावी लागली, रात्री उठावं लागलं, आणि दुसरा ते करतो की नाही, हे ज्या कादंबरीत नाही ती त्यांच्या लेखी प्रेमकथाच नव्हे. मी नवीन लग्न झालेली होते. मला हे फार कोरडं वाटायचं. पुढे संसारात मुरल्यावर त्या किती बरोबर होत्या ते कळलं.

वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत भगवान आणि शिवराम राहायचे. दोघं भोसरीला एकाच कारखान्यात होते. भगवान बीडकडचा. त्याची इथं खोली असण्यात नवल नव्हतं. नवल होतं शिवरामचं. त्याचं घर हाकेच्या अंतरावर, रहाटणीला. आई, भाऊ, शेती, गोठा सगळं तिथं, आणि हा बाबा भाडं भरून आमच्याकडे राही. कुणी विचारलंच तर म्हणे, "घरी लय माणसं हायेत. झोप न्हाई व्हत." बायका हसत, थोडा वेळ एकमेकींकडे बघत आणि विषय बदलत. काकूंनी मात्र त्याला हे कधीच विचारलं नाही. दोघांची शिफ्ट बदलली की जिन्यात त्यांची चौकशी करत तेवढंच.

भगवान वाचणारा. वाचनालय बायकांचं, त्यामुळे तो आत येत नसे. व्हरांड्यात उभा राही आणि काकू खिडकीतून त्याला पुस्तक देत. त्याचा अभिप्राय त्या माझ्याहून जास्त मानत. "त्याला रडू आलं की तो सांगतो," काकू म्हणायच्या. "तुम्ही सगळ्या रडता आणि वर म्हणता, तितकीशी खास नाही."

एका गठ्ठ्यात ते पुस्तक आलं. आमच्याकडे पुस्तकं नावापेक्षा मुखपृष्ठावरून ओळखली जात. याच्यावर भिंतीला टेकलेल्या दोन सायकली होत्या, म्हणून ते दोन सायकलींचं. लेखकाचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. काकू शनिवारी ते वर घेऊन गेल्या आणि सोमवारी मला स्वयंपाकघरात बोलावून दार ओढून घेतलं.

"यात दोन पुरुष आहेत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे दोघंच आहेत. एक शाळेत चित्रकला शिकवतो, एक घड्याळं दुरुस्त करतो. आणि त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे. मैत्री नव्हे गं. प्रेम."

असं काही पुस्तकात लिहितात हेच मला ठाऊक नव्हतं. काकू मात्र परीक्षकाच्या आवाजात बोलत होत्या. घड्याळवाल्याला कावीळ होते. मास्तर त्याला उसाचे करवे सोलून देतो. शाळेत रजेचा अर्ज लिहायला बसतो आणि आजारी माणूस आपला कोण, इथं त्याचं पेन अडतं. शेवटी अर्ज फाडून टाकतो आणि बिनपगारी घरी राहतो. "असं आजारपणाचं प्रकरण मी आजवर वाचलेलं नाही," काकू म्हणाल्या. "पहिल्या वर्गात पास. आणि एक सांगू? या खेपेला शेवट मी आधी वाचला नाही. भीती वाटली. वाटलं, एकाला मारणार हा."

"मारला?"

"नाही. म्हातारे होतात दोघं."

मग त्यांनी नियम मोडला. निकालाआधी पुस्तक बाहेर द्यायचं नाही, हा त्यांचाच नियम. पण ते पुस्तक त्यांनी खिडकीतून भगवानला दिलं. मी तिथंच होते. दोन दिवसांनी तो परत घेऊन आला. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. ते हातातच धरून तो उभा राहिला. काकूंनीच विचारलं, "कसं वाटलं?"

"काकू, शेवटी कोणी मरत न्हाई ह्यात," तो म्हणाला. मग म्हणाला, "शिवरामला बी वाचून दाखवलं. हे इथंच ऱ्हाईल ना?"

"राहील. उद्या कव्हर घालते."

त्यांनी त्याच संध्याकाळी कागद कापला. पुस्तक उघडून मापाला लावला, घड्या घातल्या. चढवायचा तेवढा राहिला, कारण दुसऱ्या दिवशी मंडळाची सभा होती आणि निकाल सभेत सांगायची पद्धत होती.

सभेला येईपर्यंत ते पुस्तक कुणीतरी चाळलेलं होतं. अध्यक्षबाईंनी ते दोन बोटांनी टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे काय आलंय? असली माणसं असतात तरी का कुठं?" एक-दोघी हसल्या. आमच्यातल्या एकीचं सासर रहाटणीचं. ती छताकडे बघत म्हणाली, "असतील की. शोधायला लांब जायला नको." आता सगळ्याच हसल्या. काहींनी छताकडे पाहिलं. टोकाची खोली आमच्या बरोब्बर डोक्यावर होती.

काकूंचा चेहरा मला दिसत होता. पुढचं त्यांना त्या क्षणी दिसलं असावं. आपण पुस्तक पास केलं तर ते घरोघर फिरणार, प्रत्येक घरी वाचताना नजर वर जाणार, आणि एक दिवस ही गोष्ट रहाटणीला शिवरामच्या भावांच्या कानावर जाणार. भाऊ मारझोडीला मागेपुढे बघणारे नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंनी पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नापास. असली माणसं जगात नसतात. लेखकाच्या डोक्यातलं खूळ आहे ते. वरच्या पोरांना उगाच कशाला मधे आणता? कामाची पोरं आहेत ती."

विषय तिथंच मिटला. छताकडे पुन्हा कुणी पाहिलं नाही. बोर्डाच्या काकूंनी नसतात म्हटलं म्हणजे नसतात. त्यांच्या शब्दाला वजनच तसं होतं. त्या मनातून निवांत झाल्या असाव्यात. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. व्हरांड्यात भगवान उभा होता. हातात परत करायचं पुस्तक होतं. त्यानं ते खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि गेला.

महिनाअखेरीला खोली रिकामी झाली. शिवरामच्या मामाची चाकणला जागा होती, तिकडे गेले म्हणून कळलं. दोन सायकलींचं पुस्तक त्याआधीच गठ्ठ्यातून परत गेलं होतं. काकूंनी पुढचा गठ्ठा सोडलाच नाही. मी नेऊन दिला तर म्हणाल्या, "मला नको विचारूस. तूच बघ." काका आणत ती ड्रॉइंगं माळ्यावर साठू लागली. बायकांना वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. मला खरं कारण ठाऊक होतं. दुपारी त्या जेवायला बसत आणि घास हातात धरून म्हणत, "त्याला मी राहील म्हणाले होते." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला त्यांच्या घरी जायची धास्ती वाटू लागली. त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. ज्यांना वाचवलं त्यांच्यासाठी एवढं काय झुरायचं, असं वाटायचं.

वर्षभरानं एका रविवारी त्या माझ्या दारात पातळ बदलून उभ्या. म्हणाल्या, "चल, चाकणला जाऊ." भोसरीला गाडी बदलून आम्ही पोचलो. कांद्याच्या बाजारापलीकडे पत्र्याची खोली होती, पुढे वर्कशॉपचं शेड. भगवानचा उजवा हात बँडेजमध्ये होता. मशीनमध्ये बोटं सापडली होती. आम्ही गेलो तेव्हा शिवराम ताटात दुधात भाकरी कुस्करत होता. आम्हाला पाहून तो उठला नाही. "बसा काकू," म्हणाला, आणि कालवून झाल्यावर एकेक घास भगवानला भरवू लागला. भगवाननं आधी जरा मान वळवली, मग खाल्लं. ताट संपेपर्यंत काकू एकटक बघत होत्या.

मग म्हणाल्या, "भगवान, मी त्या दिवशी खोटं बोलले."

"माहीत हाय काकू. त्याच रात्री ह्याला बोललो म्या, काकूंनी आपल्याला पदराखाली घेतलं."

"मग सोडून का आलात?"

भगवान शिवरामकडे बघून हसला. "जिन्यात गाठ पडली की तुमी खाली बघायच्या. आमच्यापायी तुमाला खाली बघावं लागायलं. बरं वाटंना."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. शिवरामनं चहा ठेवला. मला वाटलं, झालं, मिटलं सगळं. माणसं इतकी चांगली, गुन्हा माफ. तेवढ्यात भगवान म्हणाला, "पण काकू, पुस्तक परत धाडायचं नव्हतं. आमी काय, दोघं हाव. ह्यो भरवतो, म्या खातो. ज्याला कोणीच न्हाई असा एखादा त्या खिडकीशी आला असता, तर त्याला घावलं असतं ते."

तो रागानं बोलला नव्हता. काकूंनी कप खाली ठेवला आणि "हो" एवढंच म्हणाल्या.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. भोसरी आल्यावर म्हणाल्या, "तो विचार माझ्या डोक्यात आलाच नाही गं. मी दोघांचाच विचार केला."

त्यानंतर त्या दर महिन्याला पुण्याला जाऊ लागल्या. त्या पुस्तकविक्रेत्याकडे ते पुस्तक नव्हतं. प्रकाशक कुठं होता ते त्याला सांगता येईना. मग दुसऱ्या दुकानात, तिसऱ्या दुकानात. मी बरोबर असायचे. काकू पुस्तकाचं नाव सांगत. विक्रेता विचारी, "कशावर आहे?" आणि बारा बायकांपुढे जे त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं ते काकू भरल्या दुकानात सांगत, "दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी आहे. फार चांगली आहे. मी वाचलेली आहे." गिऱ्हाइकं वळून बघत. पहिल्यांदा मी लाजेनं दाराबाहेर जाऊन उभी राहिले होते. नंतर नंतर आत थांबू लागले.

पुस्तक मिळालं नाही. ऐंशी सालानंतर काकू अंथरुणाला खिळल्या. शिवराम आणि भगवान दोनदा येऊन भेटून गेले, येताना ऊस घेऊन आले. काका करवे करून त्यांना देत, एकेक. एका दुपारी काकूंनी मला उशाखालून एक निळसर घडी काढून दिली. मापाला कापलेलं तेच कव्हर होतं ते. एवढ्या वर्षांत त्यांनी ते दुसऱ्या पुस्तकाला घातलं नव्हतं. "वास गेला बघ त्याचा," त्या म्हणाल्या.

आता काकू नाहीत. वाचनालय मीच बघते. पुण्याला गेले की पर्समध्ये ती घडी असते. दुकानात शिरते, नाव सांगते. काउंटरवरचा मुलगा विचारतो, "कशावर आहे, बाई?" मी गर्दी ओसरायची वाट बघत नाही. मागे उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल अशा बेतानं सांगते. न जाणो, त्यांच्यातच कुणी असेल.