सरकारची भिंत

आक्का गेल्याचं मला वेल्ह्याहून येणाऱ्या एष्टीच्या कंडक्टरनं सांगितलं. शिवऱ्याला रस्त्याच्या कडेला आमचं चहाचं दुकान आहे, तिथं ती सकाळची गाडी घटकाभर थांबते. रोज तो दारातूनच ओरडतो, “मावशी, दोन कडक!” त्या दिवशी मात्र खाली उतरला, टोपी काढली आणि नुसता उभा राहिला. मी म्हटलं, “का रं, आज चहा नगं व्हय?” तर म्हणाला, “मावशी, तुमच्या थोरल्या जाऊबाई पहाटं गेल्या. सोपानचा निरोप हाय.” मी किटली हातात धरून तशीच राहिले... एक गिऱ्हाईक म्हणालं, “बाई, चहा सांडतोय,” तेव्हा भानावर आले. त्याला आता महिना होऊन गेला. लोक म्हणतात, सुटली बिचारी. सुटली म्हणावं तर ती ज्याच्यासाठी अडून बसली होती ते काही झालं नाही. मग सुटली कशी म्हणायची? तेवढंच लिहायचं आहे, म्हणून बसले.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी. मी लग्न होऊन तिथं आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. सासूबाईंना तेव्हाच कमी दिसायचं, पण भाकरीचा आवाज ऐकून त्या ओळखायच्या की ही धाकटीची आहे. आक्का मला मागं सरकवायची आणि म्हणायची, “इंदे, तू थापल्यासारखं कर, म्या थापते.” अशी माझी पहिली दोन वर्षं गेली. तोंडानं फटकळ, पण कुणाला उपाशी निजू दिलं नाही. थोरले भावजी, म्हणजे तिचे मालक, एकदम गरीब माणूस. त्यांच्या वाट्याचं बोलणंही आक्काच बोलायची. आमची चूल वेगळी झाली तरी अंगण एकच होतं.

शेजारच्या वावराचा बांध होता, त्यावरून भाऊबंदाशी वाद. तो दरसाल नांगरताना बांध कोरायचा, भावजी काही बोलायचे नाहीत. एका साली मात्र त्यांनी बैल आडवे घातले आणि त्याला मागं फिरवला. वाडीनं बघितलं. त्याच आठवड्यात, उन्हाळा संपत आला होता, गवत वाळून खडखडीत झालं होतं, तेव्हा आक्काच्या घराला आग लागली. तीन अंगांना कारवीचे कूड आणि वर गवताचं छप्पर, त्याला जळायला किती वेळ लागतो? आक्का, सासूबाई, आक्काचा पोरगा सोपान आणि धाकटी पोरगी बाहेर निघाली. भावजी बैल सोडायला परत आत शिरले. बैल आले बाहेर... मागून भावजी आले तेव्हा त्यांना ओळखावं असं काही राहिलं नव्हतं.

झोळी करून त्यांना वेल्ह्याला नेलं, तिथून मालट्रकातून पुण्याच्या दवाखान्यात. आक्का बरोबर होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला तेवढं सांगितलं, की मागच्या वळचणीखाली भाऊबंदाला वाकलेला बघितला, हातात रॉकेलचा डबा होता. तिच्याशिवाय ऐकायला तिथं कुणी नव्हतं. संध्याकाळी ते गेले.

आता पुढचं नीट सांगते, कारण सगळं इथंच बिघडलं, आणि बिघडवणारं कुणी वाईट नव्हतं. पोलीस पाटील पहिल्याच दिवशी येऊन गेले होते, पण तेव्हा सगळ्यांच्या मनात एवढंच, की चुलीची ठिणगी उडाली असेल. आक्का तर दवाखान्यात. इकडं पाऊस तोंडावर आलेला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने कपडा वाळत नाही. त्यात बाई विधवा झाली, पोरं उघड्यावर. वाडीनं इर्जिक घातली. इर्जिक म्हणजे ज्याचं काम अडलं त्याच्याकडं सगळ्यांनी बिनमजुरीचं जायचं आणि एका दमात ते उरकायचं, ही आमची जुनी रीत. कुणी खांबाला मेढी आणल्या, कुणी कारवी, कुणी गवत. जळकी लाकडं फोडून सरपणाला रचली, राख वावरात नेऊन टाकली. दहाव्याला सुतक फिटायचं म्हणून आम्ही बायांनी सगळं घर सारवलं. मागची दगडमातीची भिंत तेवढी आगीत टिकली होती, नुसती काळीठिक्कर पडली होती. तिला पांढऱ्या मातीचा हात दिला. इतकं छान दिसायला लागलं की आक्का दारात येऊन रडली. म्हणाली, “असलं घर तर म्या नवी नवरी होते तवा पण नव्हतं.”

सुतकात ती घराबाहेर पडली नाही; भावजींचं सांगणं तोंडातून काढलं आणि तक्रार दिली ती दहाव्यानंतरच, आमच्या ह्यांना बरोबर घेऊन. साहेब आणि जमादार चौकशीला आले ते त्याच्याही नंतर. साहेब माणूस भला होता. डोंगर चढून दमलेला. आक्कानं घोंगडी टाकली, तांब्या भरून दिला. पाणी प्याले आणि इकडं तिकडं बघायला लागले.

“बाई, जळलेलं घर कुठंय?”

“ह्येच की, साहेब.”

“हे तर नवं आहे.”

“नवं केलं लोकांनी. तुमी येणार म्हून आज पुना सारवलंय.”

साहेबांनी डोक्याला हात लावला. मग विचारलं, तुमचे मालक म्हणाले तो रॉकेलचा डबा, तो तरी कुणाला सापडला का? आक्कानं आमच्याकडं बघितलं. तेवढ्यात सासूबाई कोपऱ्यातून उत्साहानं म्हणाल्या, “मागं पडला हुता त्यो का? चांगला डबा हुता, जरा काळा झालता. म्या राखंनं घासला, उन्हात ठिवला, वास समदा गेला बगा. आत्ता तुमी पाणी प्यालात ते त्यातलंच.” साहेबांनी रिकामा तांब्या खाली ठेवला. म्हातारी खुशीत होती, साहेबांच्या उपयोगी पडल्यागत. आक्का उठली आणि म्हणाली, “आत्ती, तुमी जरा पडा आता, दमला असाल.” त्यानंतर सासूबाई चार वर्षं जगल्या. आपण काय घासून टाकलं ते आक्कानं त्यांना कळू दिलं नाही. आम्हालाही तंबी होती, “म्हातारीच्या कानावर गेलं तर गाठ माझ्याशी हाय.” आणि पाणी? त्याच डब्यातलं ती प्यायची, रोज.

पुण्याच्या कोर्टात केस उभी राहिली. वकील म्हणाले होते, गुन्हा शाबीत होऊन दंड झाला तर त्यातून बाईला काही द्या असं कोर्ट सांगू शकतं. पण शाबीत कशावर करणार? मेलेल्या माणसाचा एकटीनं ऐकलेला शब्द. भाऊबंद सुटला आणि त्याच एष्टीनं आमच्याबरोबर घरी आला, पुढच्या बाकावर बसून. आक्का सगळ्या वाटेत त्याच्या मानेकडं बघत होती.

मग कुणीतरी सांगितलं की जळितालाही सरकारी मदत असते, अर्ज कर. तेव्हापासून तिचं भोरला प्रांताच्या कचेरीत जाणं सुरू झालं. आमच्याकडून भोर गाठायचं म्हणजे अंधारात निघायचं, वेल्ह्यापर्यंत पायी, पुढं दोन गाड्या बदलायच्या. पदरात भाकरी बांधून जायची आणि कचेरीच्या ओट्यावर बसून राहायची. कधी साहेब फिरतीवर, कधी कागद पुण्याला गेलेला. शिपायाशी तिची ओळखच झाली होती. तो लांबून म्हणायचा, “आली बगा वेल्ह्याची म्हातारी.” ही म्हणायची, “पयल्यांदा आले तवा तरणी हुते रं. हितं बसून झाले म्हातारी.” हसायचे सगळे, तीही हसायची.

एकदा मी बरोबर होते. आतल्या साहेबांनी कागद पुढ्यात घेऊन समजावलं. घर उभं असल्याचं चौकशीत आलेलं आहे, तेव्हा जळिताची मदत बसत नाही. आणि माणूस मारला असं कोर्टच म्हणत नाही, तर ते आम्ही कसं म्हणणार?

“मग माझा माणूस कशानं मेला म्हून लिवलंय?”

“भाजून.”

“कुणी भाजला?”

“बाई, ते आमच्याकडं लिहीत नाहीत.”

आक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, “साहेब, माझी चूकच झाली. फुडच्या टायमाला घर जळालं की तसंच ठिवीन. पोरं झाडाखाली, म्हातारी झाडाखाली, पाऊस येऊ द्या न्हाईतर वारं, तुमी बघून जाईस्तवर काडीला हात लावू द्यायची न्हाई.” साहेबांनी मान खाली घातली. वाईट माणूस तोही नव्हता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, आक्का, नको आता, पैसा काय जन्माला पुरतो? ती थांबली. “पैसा व्हय गं, इंदे? पैसा दिला तर त्यांना लिवावं लागंल ना, कशापायी दिला ते.” इतक्या वर्षांत मला ते कळलं नव्हतं. ती भीक मागायला जात नव्हती. आपला माणूस मारला, हे कुणीतरी मान्य करावं म्हणून जात होती.

त्या दिवशी घरी आली ती पाणीसुद्धा न पिता खुरपं घेऊन मागच्या भिंतीला भिडली. आम्ही दिलेला मातीचा हात तिनं खरवडून काढला. पोपडे पडत गेले आणि आतून काळं निघालं, तस्संच, काल जळाल्यासारखं. आमचे हे धावत गेले, “वयनी, अवं काय करताय?” तर म्हणाली, “ही सरकारची भिंत. सरकार बघून गेलं की सारवीन.”

तेव्हापासून दिवाळी असो, पाडवा असो, सगळं घर लखलखीत आणि ती भिंत काळी. सोपानच्या लग्नात सगळ्यांनी हातापाया पडून सांगितलं, निदान नवरी यायच्या आधी तरी... ऐकलं नाही. व्याह्यांनी विचारलंच, ही भिंत अशी का हो? म्हणाली, “सोपानचा बा हाय तिथं.” व्याह्यांनी मग जेवण दुसऱ्या अंगाला बसून केलं. भाऊबंद पुढं अंथरुणाला खिळून मेला. आक्का मातीला गेली, गपचूप परत आली आणि अंघोळ करून कामाला लागली. मी म्हटलं, आता तरी संपलं का? म्हणाली, “त्यो मेला. सांगितलं कुटं?”

आक्काच्या दहाव्याला मी वाडीवर गेले. सुतक फिटायचं म्हणून शेण कालवलं, बाया जमल्या, जमीन झाली, ओटा झाला, पुढच्या भिंती झाल्या. सोपानची बायको पांढऱ्या मातीचं पातेलं घेऊन मागच्या खोलीत गेली आणि माझ्याकडं वळून बघायला लागली. पोरगी नवी नाही आता, दोन लेकरांची आई आहे, पण त्या भिंतीला तिनं आजवर बोट लावलं नव्हतं.

“काकी, आता ही बी घ्यायची का? आत्याबाई तर गेल्या.”

मी सोपानकडं बघितलं. बाया थांबल्या. सोपान उंबऱ्यात बसला होता, डोकं भादरलेलं, बापासारखाच कमी बोलणारा. त्यानं मान वर केली नाही.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाला. “अजून कुणी बघून गेलं न्हाई.”