दुमडलेली पानं

शिमगा झाला की लोकांना वसंत दिसतो, मला संध्याकाळचा फुलांचा टेम्पो दिसतो. आंब्याला मोहोर, कडुनिंबाला कोवळी पालवी, राहुरीकडच्या आमच्या मळ्यातही सगळं असतं, पण मान वर करून बघायला सवड कुणाला! ग्लॅडिओलस हे फुलायच्या आधीच विकायचं फूल. सगळ्यात खालच्या कळीनं रंगाची नुसती कड दाखवली की दांडा कापायचा. आधी कापला तर कळ्या तशाच सुकतात, उशीर झाला तर वाटेतच फुलतात आणि आडत्या फोनवर तोंडाचा पट्टा सोडतो. त्यात फाल्गुनातलं ऊन. सकाळची हिरवीगार कळी दुपारपर्यंत तोंड उघडते. या दिवसांत मला चहासुद्धा बसून पिता येत नाही.

नवरा नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, रविवारी तेवढा घरी. मळ्यात मी आणि सासरे, म्हणजे आमचे मामा. मामांनी कापायचं, मी जुड्या बांधायच्या. त्यांच्या चाकूला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

गेल्या शिमग्यानंतर आडत्याचा फोन आला. माल कच्चा येतोय, पांढरा तर फुलतच नाही. मी मामांवर नजर ठेवली. ते कळीला नाक लावून बघत होते, अंगठ्यानं चाचपत होते. गुलाबी वाणात कसंबसं भागत होतं, पण पांढरी कड त्यांना हिरव्यातून वेगळी दिसतच नव्हती. मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशन लांबवू नका.

"सीझन सरू दे," मामा म्हणायचे. "मागनं महिनाभर वाकायचं न्हाई, धूळ चालत न्हाई. मग कापनार कोन?"

"मी कापते की, मामा."

"तू जुड्या बांध."

चाकू एकदा हातातून गेला की परत मिळायचा नाही, ही त्यांची खरी भीती. मला ती दिसत होती आणि त्यांचा डोळा जाईल ही माझी भीती वेगळीच. तोंड उघडावं तर म्हातारा माणूस दुखावणार, गप्प बसावं तर जीव खालीवर.

मग मी एक उद्योग केला. ठिबक बघायला जाते म्हणून त्यांच्या आधी मळ्यात शिरायचे आणि तयार दांड्याशेजारच्या पानाचं टोक नखानं दाबून दुमडून ठेवायचे. पहिल्या दिवशी मामांच्या बोटांना दुमड लागली. ते थांबले. पुन्हा चाचपलं आणि दांडा कापला. पुढच्याचंही तसंच. त्यांना कळलं होतं, हे मला कळलं. पण तेही बोलले नाहीत आणि मीही नाही.

माल सुधारला. आडत्याचे फोन थांबले. मामांची मान ताठ झाली आणि दवाखान्याचं नावही निघेना. कसं निघणार? माझ्याच शहाणपणानं ऑपरेशन लांबणीवर पडलं होतं. सकाळी पानं दुमडायची आणि दिवसभर स्वतःवरच चिडायचं, असं चाललं होतं माझं. जुड्यांचे रबर तटातट तुटायचे.

रविवारी नवरा सरीत उतरला आणि तिथूनच ओरडला, "पानं कुनी दुमडली गं ही? वानरं आली हुती का?"

मी हातातली जुडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. मामांनी हो म्हणावं, वानरांवर ढकलून मोकळं व्हावं, असं मला अगदी मनापासून वाटलं. मामा वाकलेले होते, ते सावकाश उभे राहिले.

"वानरं न्हाई," ते म्हणाले. "माजे डोळे हायेत ते."

नवऱ्याला काही कळेना. तो एकदा माझ्याकडे बघतो, एकदा त्यांच्याकडे.

"उद्या सुट्टी टाक," मामा त्याला म्हणाले. "मला दवाखान्यात घेऊन चल." मग चाकूचं पातं धोतराला पुसलं आणि मूठ माझ्याकडे केली.

मी चाकू घेतला आणि पांढऱ्याच्या सरीत शिरले. पहिल्याच दांड्याला हात घातला तोच मागून मामांचा आवाज आला, "लई खाली नगं कापू! चार पानं ठिव, कंद पोसायचाय!"