हेंकच्या गोठ्यातलं इंजिन

विमानाच्या इंजिनातलं मला सगळं कळतं. म्हणजे, फिरलं तर विमान वर जातं आणि थांबलं तर खाली येतं, एवढं सगळं! सातवीनंतर शाळेने मला सोडलं, मग जन्मभर कराडला पिठाची गिरणी चालवली. आता हॉलंडमध्ये आइंडहोवनला मुलाकडे, नितीनकडे असतो. इथल्या एका शेडमधले किस्से उरलेल्या नट-बोल्टांसारखे साठलेत. टाकवत नाहीत, आणि कुठे बसवायचे ते कळत नाही.

* * *

शेड म्हणजे हेंक नावाच्या डच म्हाताऱ्याचा रिकामा गोठा. तिथे तो, नितीन आणि नितीनच्या ऑफिसातला देशपांडे मिळून विमान बनवत होते. पूर्वी हौशी श्रीमंत लोक घरच्या गाडीसारखं ठेवत ना, तसलं, जुन्या ड्रॉइंगवरून. पंख झाले, शेपूट झालं. इंजिन कुठलं, यावर घोडं अडलं!

पहिलं उड्डाण नितीन एकटा करणार. म्हणून सूनबाई मधुरा प्रत्येक मीटिंगला हजर. "माझ्या नवऱ्यापुढे काय बसवताय, ते मला आधी कळलं पाहिजे."

* * *

देशपांडेला चांदणीसारखं गोल, जुन्या पद्धतीचं इंजिन हवं होतं. "फक्त सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवायचा, वहिनी. रात्रभरात तेल खालच्या सिलिंडरमध्ये उतरतं."

मधुरा म्हणाली, "म्हणजे हलवून हलवून उठवायचं? तसलं एक आहे माझ्याकडे!"

नितीन कॉफीत बघत बसला.

* * *

हेंकला मोटारीचं इंजिन बसवायचं होतं. "थेंबभर तेल गळत नाही," ही त्याची फुशारकी. मी गुपचूप त्या इंजिनाखाली तेलाचे चार थेंब टाकले. देशपांडे नाचायचाच बाकी! हेंक गुडघ्यावर बसला, बोट लावून हुंगलं. "सूर्यफूल."

माझा घोळ हाच. खोडी काढली की आधी मलाच हसू फुटतं. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून शेडमध्ये खुट्ट झालं तरी, "आबा, तुम्ही काय केलंत?"

* * *

मतं टाकून ठरवा म्हटलं, तर हेंक ऐकेना. त्यांच्याकडे सगळ्यांचं पटेपर्यंत बोलायचं! अख्खा हिवाळा बोलले. माणशी एक कॉफी, एक बिस्किट, की डबा बंद. शेवटी साधं, एका रांगेत चार सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन ठरलं.

मी नितीनकरवी हेंकला विचारलं, "हे कुणाला आवडलं?"

"कुणालाच नाही. म्हणून तर जमलं!"

* * *

टेस्टमध्ये इंजिन दुपारभर सुरळीत चाललं. तरी मधुरा कान देऊन बसलेली. मी तिला चिडवायचो, "अगं, माझ्या गिरणीपेक्षा गोड चालतंय!"

मग उड्डाणाचा दिवस आला. गवताची धावपट्टी, स्वच्छ ऊन. नितीनने हेल्मेटचा पट्टा आवळला, पायरीवर पाय ठेवला.

मी ओरडलो, "थांबा! टाकीत साखर टाकलीय मी!"

एकच गोंधळ! सगळं पेट्रोल उपसलं, गाळलं, नळ्या सोडवल्या. काही नाही. तोवर वारा सुटला, उड्डाण रद्द. देशपांडे तणतणला, "आबा, हद्द झाली!" हेंक तर डचमध्येच सुरू झाला. नितीन पाठ फिरवून नळ्या पुन्हा जोडत बसला.

घरी येताना मधुरा गाडी चालवत होती. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली,

"आबा, खोडी काढली की आधी तुम्हीच हसता. आज हसला नाहीत."