पळसदेवहून आलेली वाटी

मिहिर, तन्वी,

निखिलकाकाने परवा टाकलेला व्हिडिओ तुम्ही तिकडे पाहिलात, आणि तन्वीने फोनवर विचारलं, "आजी, खरंच भूत भेटलं होतं?" म्हणून हे लिहायला बसले. त्या व्हिडिओत कुणीतरी विव्हळल्यासारखं म्युझिक आहे, पाण्यावर धूर सोडलाय, आणि माझी भूमिका करणारी बाई पांढऱ्या साडीत आहे. मी पांढरी साडी नेसत नाही. धूर नव्हता. भर दुपार होती आणि डोकं फुटेल असं ऊन होतं. निदान आपल्या घरात तरी खरं काय झालं ते माहीत असावं.

आधी एक स्पष्ट सांगते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कधीच नव्हता. बारामतीत शाळेत इंग्रजी शिकवत होते, तेव्हा स्टाफरूमच्या दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या बाईंना मी सगळ्यांसमोर कारण विचारलं होतं. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. ठीक आहे.

आता वाटीचं. आजोबांचं गाव पळसदेव. जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा आजोबा कॉलेजात होते. तुमची सरस्वतीपणजी बिऱ्हाड घेऊन बारामतीला आली आणि येताना गाडग्यात घरचं विरजण घेऊन आली. तेच आमच्या घरात रोज लागत राहिलं. मी लग्न होऊन आले ती त्यानंतर. गाव काही मी पाहिलं नाही, पण सासूबाईंची एक तक्रार मात्र कान किटेपर्यंत ऐकली. गाव उठायच्या गडबडीत शेजारच्या पारूबाईचं दही नासलं, म्हणून सासूबाईंनी तिला पितळी वाटीत विरजण दिलं. वाटी परत आलीच नाही. सेटमधली एक कमी झाली. "पारू चोरटी नव्हती गं," त्या म्हणायच्या. "रिकामी वाटी कशी परत करायची, म्हणून दही लागायची वाट बघत बसली असेल. तेवढ्यात आमची गाडी निघाली." पारूबाईला दुसरीकडे जमीन मिळाली. पुन्हा भेट झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी आजोबा पुण्याला हॉस्पिटलात होते ते तुम्हाला आठवत असेल. घर बंद राहिलं, फ्रिज बंद राहिला, आणि सासूबाईंचं विरजण संपलं. आजोबा घरी आले ते तोंडाची चव घालवून. भात समोरून सरकवायचे, विकतचं दही तर हुंगून बाजूला ठेवायचे. "खडू खाल्ल्यासारखं लागतं." अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "आठवडाभरात खायला लागले नाहीत, तर नाकातून नळी घालावी लागेल." आजोबांनी ते ऐकलं होतं. घरी आल्यावर म्हणाले, "नळी घालू द्यायची नाही. कबूल कर." मी कबूल केलं नाही, नाकारलंही नाही.

अशा वेळी निखिल उगवला. आजोबांचा भाचा, पेशाने फिरणारा आणि खाणारा — म्हणजे मोबाईलसमोर खाणारा. "मामी, मामांना पळसदेवला नेऊ. धरण उतरलंय, देऊळ वर आलंय. उजनीची चिलापी खाल्ली की चव परत येते की नाही बघा!" माशाने चव येते हे कुठल्या वैद्यकात लिहिलंय, असं मी विचारलं. पण आजोबा उठून चपला शोधायला लागले होते, मग गेलो.

सणसरला त्याने गाडी थांबवली. का, तर उसाला मिठी मारून "आपल्या मातीचा गोडवा" सांगायचा होता. ऊस अंगाला कापतो हे त्याला तिथे कळलं. पुढे पाण्याकाठच्या हॉटेलात प्लॅस्टिकच्या झावळ्यांखाली बसलो. पाटीवर "अस्सल गावरान" आणि टेबलावर चायनीज सॉस. मासा मात्र ताजा होता, हे मान्य करते. आजोबांनी एक घास तोंडात घेतला आणि रुमालात काढून ठेवला.

"मामा, रिअ‍ॅक्शन द्या ना!" निखिल म्हणाला.

"देऊ का?" आजोबा म्हणाले. मग मला म्हणाले, "चल, देवळापर्यंत जाऊ. पुन्हा यायला जमेल न जमेल."

तडा गेलेल्या गाळातून आम्ही दोघेच चाललो, आजोबा माझ्या खांद्याला धरून. निखिल माशाच्या डोळ्याचा क्लोजअप घेत मागेच राहिला. देवळाच्या सावलीला एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल. हिरवं लुगडं, पुढ्यात फडक्याने झाकलेलं काहीतरी. मला वाटलं, टुरिस्टांसाठी बसवलेली आहे, आता फोटोचे पैसे मागेल.

तिने आजोबांकडे पाहिलं. "कुणाचा रं तू?"

सत्तरी उलटलेल्या माणसाला अरे-तुरे! मी तोंड उघडणार तोच आजोबा म्हणाले, "भाऊरावांचा."

"म्हंजी सरूचा. आजून जेवायला नखरं करतूस व्हय?" तिने फडकं काढलं. पितळी वाटीत दही होतं. "घे. सगळं संपवू नगंस, तळाला थोडं ऱ्हाऊ दे."

आजोबा खाली बसले आणि बोटांनी दही खायला लागले. मी बघतच राहिले. घास परत आला नाही. ते खात होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तळाला दही राहिलं, तेव्हा थांबले. मी बोट लावून चाखलं — गोड आणि गार. त्या उन्हात.

मी पर्स उघडली. तिने मान हलवली. "मग वाटी कुठे आणून देऊ?" मी विचारलं.

"आणून कसली देताय? मीच द्यायला आलीया न्हवं," ती म्हणाली.

बाई जरा भ्रमिष्ट दिसते, असं मनाशी म्हणत मी वाटी घेतली. आजोबांना उठवायला वाकले, सरळ झाले, तर सावलीत कुणी नव्हतं. देवळामागे गेली असेल म्हणून मी फेरी मारली. चारी बाजूंनी उघडा गाळ आणि लांब पाण्यात उभे रोहित पक्षी.

हॉटेलवाल्या सुनंदाबाईंना विचारलं. "तितं कोण दही इकायला बसंल, आज्जी? उन्हानं आंबंल की!" त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "पारू व्हय? ती तर कवाच गेली. पोरबाळ न्हाई, मागं कुणी न्हाई." मी पारूचं नाव घेतलं नव्हतं. मी फक्त वाटी पुढे केली होती.

घरी येऊन वाटीची कड पाहिली. टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं — सौ. सरस्वती. फळीवरच्या वाट्यांवर आहे तसंच, 'र' तसाच तिरका. आता मी काही मूर्ख नाही. जुनी भांडी गाळात सापडतात, कुणीतरी धुऊन घेतली असेल, एखाद्या म्हातारीने आजोबांना ओळखलं असेल. हे सगळं मी मांडून पाहिलं. पण वाटीला आतून नवी कल्हई होती, चंद्रासारखी. बारामतीत कल्हईवाला मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. आणि दही कोणाच्या घरचं, हे आजोबांना पहिल्या बोटालाच कळलं होतं. ते गाडीत एवढंच म्हणाले, "आईचं आहे."

निखिल म्हणतो, आत्मा अडकला होता. काय वाटेल ते बोलतो. मला कारण सापडलेलं नाही, आणि नसलेलं कारण मी बनवणार नाही. मला कळतं ते इतकंच, की घेतलेलं भांडं भरून परत करायचं असतं, आणि कुणीतरी ते केलं.

वाटीच्या तळाला राहिलेल्या दह्याने मी त्याच रात्री दूध विरजलं. नळी लागली नाही. आजोबा रोज दही-भात खातात आणि मीठ कमी म्हणून कुरकुरतात. शेजारच्या नव्या सुनेने गेल्या आठवड्यात विरजण मागितलं, ते मी स्टीलच्या वाटीत दिलं. पितळी वाटी फळीवर आहे, सेट पूर्ण आहे. विरजण जिवंत आहे.